दस्तीखाली सिंधुआत्याचा हात

आमच्या घराला तीन जिने आहेत आणि तिन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. रस्त्याकडचा जिना पहिल्या मजल्यावर जातो आणि तिथंच हात टेकतो. दुसऱ्या मजल्यावर जायचं असेल तर पहिल्या मजल्याच्या चारही खोल्या ओलांडून मागच्या टोकाला जावं लागतं, तिथं दुसरा जिना भेटतो. गच्चीचा जिना तिसरीकडेच आहे, देवघराच्या पाठीमागं. पाहुणा पहिल्यांदा गच्चीवर पोचला की आम्ही त्याला आधी पाणी देतो आणि मग लातूर दाखवतो.

हे असं झालं कारण घर एकानं बांधलंच नाही. माझे पणजोबा बसलिंगप्पा कलशेट्टी उदगिरकडून लातूरला आले, गंजगोलाईजवळ जागा घेतली, पुढं आडतीचं दुकान आणि मागं दोन खोल्या काढल्या. आजोबा शिवप्पांना एका वर्षी तूर अशी काही पावली की त्यांनी पहिला मजला चढवला. त्याला आम्ही आजही तुरीचा मजला म्हणतो. पुढं थोरले काका बसवराज आणि माझे पप्पा मल्लिनाथ यांच्या काळात सोयाबीनचा मजला चढला. प्रत्येक पिढीनं गवंडी नवा आणला आणि आधीच्या पिढीला काही विचारायचं नाही, एवढं एकच तत्त्व पाळलं.

सोयाबीनच्या मजल्यावर काकांनी हैदराबादहून काचेचं झुंबर आणून टांगलं. दुकानात ते उंच दिसत होतं म्हणे. आमच्या हॉलमध्ये ते माणसाच्या कपाळाला लागतं. गेली वीस-बावीस वर्षं घरातले पुरुष त्याच्याखालून मान वाकवून जातात, आणि आता ती सवय इतकी मुरली आहे की परक्याच्या घरीसुद्धा हॉलच्या मध्यावर आले की वाकतात. लोकांना वाटतं, एवढी पैशावाली माणसं, पण किती नम्र. नम्र कसली, झुंबराला घाबरलेली माणसं आहेत.

आणि गप्प माणसं आहेत. आमच्या घरात तोंडाचा उपयोग मुख्यतः जेवायला होतो. मी स्वप्नाली, मल्लिनाथांची मुलगी, नीटच्या क्लासमध्ये बायोलॉजी शिकवते. दिवसाचे सहा तास मी घसा फोडून बोलते आणि घरी आले की तीन मजले भरून शांतता असते. ठरवायचं ते सगळं दस्तीखाली ठरतं.

दस्ती म्हणजे आमच्याकडं हातरुमाल, पण कलशेट्ट्यांची दस्ती टॉवेलाएवढी असते, पांढरीशुभ्र. पूर्वी आडतीत भाव तोंडानं ठरत नसे. घेणारा आणि देणारा दस्तीखाली हात घालायचे आणि एकमेकांची बोटं धरायचे. एक बोट धरलं की एक, चार धरली की चार. तळव्यावर अंगठा रोवला की 'न्हाई'. आख्खा पंजा आवळून हात सोडला की सौदा पक्का. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी काय ठरलं ते त्या दोघांनाच ठाऊक. आता बाजारात भाव मोबाइलवर येतात आणि बोटांना तिथं काही काम उरलेलं नाही, म्हणून आमच्या लोकांनी ती कला घरी आणली. श्रावण सोमवारी किती जंगम, म्हणजे आमचे पुरोहित, जेवायला बोलवायचे, दस्तीखाली. हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, किती किलोची करायची, दस्तीखाली. टीव्हीवर क्रिकेट किती वाजेपर्यंत चालू द्यायचं तेसुद्धा. बारावीनंतर मी किती वर्षं शिकायचं हे पप्पा आणि काकांनी असंच ठरवलं. पाच ठरली. मी शेजारीच बसून शेंगा सोलत होते.

या दस्तीचे नियम दोन. दस्तीखालचं तोंडावर आणायचं नाही, आणि बाईचा हात दस्तीखाली यायचा नाही. बायकांनी तोंडानं मागावं, अशी पद्धत. आता तोंडानं मागितलेलं आमच्या घरात मिळतं का, तर नाही. काका "बघू" म्हणतात आणि ते बघणं चालूच राहतं. नीलम्माकाकूनं, म्हणजे बसवराजकाकांच्या बायकोनं, रुद्रेशच्या बारशाच्या वेळी मिक्सर मागितला होता. तो रुद्रेशच्या दहावीच्या निकालाला आला.

हे सगळं सांगायचं कारण माझी सिंधुआत्या. बसवराजकाका आणि पप्पांची धाकटी बहीण. आख्ख्या कलशेट्टी खानदानात दस्तीची विद्या जिला सगळ्यांत जास्त येते, ती बाई.

ती सात-आठ वर्षांची असताना पणजोबा बसलिंगप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, डावी बाजू गेली, उजवा हात तेवढा राहिला. मोठी माणसं दुकानात, बायका चुलीपाशी, त्यामुळे म्हाताऱ्यापाशी बसायचं काम सिंधूकडं आलं. म्हातारा बिचारा उजव्या हातानं दस्ती ओढायचा आणि तिच्या हातावर घालायचा. दोघांनी मिळून ठरवून टाकलं: एक बोट म्हणजे पाणी, दोन म्हणजे भाकरी, तीन म्हणजे मला दारात न्या, चार म्हणजे त्या शिवप्पाला माझ्यासमोरून हलवा. सव्वा वर्ष हे चाललं. आत्या म्हणते, तिच्याएवढ्या गप्पा पणजोबांशी जन्मात कुणी मारल्या नसतील.

त्यात तिला आणखी एक गोष्ट कळली. हात दस्तीखाली असला तरी कोपर बाहेर असतं. कुठलं बोट दाबलं की कोपराखालचा कुठला स्नायू उठतो, हे ती शिकली. मी बायोलॉजीवाली आहे, म्हणून खात्रीनं सांगते: बोटं आवळणारे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराखाली असतात. हे मला पुस्तकात वाचावं लागलं. तिनं आठव्या वर्षी बघून ओळखलं. तेव्हापासून घरातला एकही सौदा तिच्यापासून लपला नाही. पण ती गप्प राहायची, कारण शेवटी कलशेट्टीच.

गप्प राहिली ती बाविसाव्या वर्षापर्यंत. त्या वर्षी तिला बघायला उदगिरची मंडळी आली. बैठकीत चुरमुऱ्याच्या सुसल्याच्या बशा फिरल्या. मुलाच्या मामांनी आणि शिवप्पाआजोबांनी मध्ये दस्ती टाकून हात आत घातले. बाकी सगळे छताकडं बघत बसले. आत्या चहाचा ट्रे घेऊन आली, आणि तिची नजर आपोआप कोपरांवर गेली. ट्रे खाली ठेवून ती सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "तेवीस तोळे. पंचविसावरून खाली उतरलेत."

मुलाच्या मामांचा हात दस्तीखालून असा बाहेर आला, जणू आत विंचू होता. आत्या पुढं म्हणाली, "जनावराच्या बाजारात बी दस्ती टाकतात. पन जनावराला आपला भाव समजत न्हाई. मला समजला."

मंडळी चहा न पिता गेली. शिवप्पाआजोबा दोन दिवस बोलले नाहीत, म्हणजे नेहमीपेक्षाही कमी बोलले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हिनं दस्तीतलं तोंडावर आनलं. हिला या घरात वाटा न्हाई का वचन न्हाई. आली तर पावनी म्हनून येईल, जेवून जाईल." त्या वेळी तीस वर्षांचे असलेले बसवराजकाका त्या बैठकीतही शेजारी बसलेले होते आणि या निवाड्याच्या वेळीही. दोन्ही वेळा त्यांनी छताचं निरीक्षण केलं. हे मला आत्यानं सांगितलं, आणि सांगताना ती हसत होती. मला मात्र काकांचा राग आला होता, आणि तो पुष्कळ वर्षं टिकला.

आत्यानं पुढं जे केलं त्याची मला आजही गंमत वाटते. जिथं कुणी तोंड उघडत नाही अशा घरातली ही मुलगी एसटीत लागली. आधी क्लार्क म्हणून, मग चौकशीच्या खिडकीवर, आणि शेवटी नांदेडच्या बसस्थानकावर माइकवर. "माहूरला जानारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे. नायगाव मार्गे मुखेडला जानाऱ्या प्रवाशांनी घाई करू नये, गाडी अजून धुऊन राहिले." असा खणखणीत आवाज की माणसं झोपेतून उठून बरोबर गाडीत चढायची. मुखेडचा एक शेतकरी दर आठवड्याला विचारायला यायचा, "बाई, तुमी हाव का आज? न्हाई म्हनजे, त्या दुसऱ्या मानसाचं आयकून मी दोनदा देगलूरला गेलो." कलशेट्ट्यांची लेक स्टँडवर ओरडते, हे लातूरच्या मार्केट यार्डात कुजबुजीनं पोचलं. घरात त्यावर कुणीही काहीही म्हणालं नाही. आमच्या घरी लाजसुद्धा मौनातच वाटतात.

नांदेडला तिची भाड्याची एक खोली होती. शनिवारी ड्यूटी संपवून लोहा-अहमदपूर करत ती संध्याकाळी सहाच्या सुमारास लातूरला यायची आणि सोमवारी पहाटे परतायची. शिवप्पाआजोबा गेले, आजी गेली, तरी हा क्रम मोडला नाही. तुरीच्या मजल्यावर जिन्याला लागून एक छोटी खोली आहे, ती तिची. 'तिची' म्हणजे तिथं तिची एक खाट, एक ट्रंक आणि भिंतीवर एसटीचं कॅलेंडर. बाकी पाच दिवस त्या खोलीत पापडाचे डबे आणि जुने पंखे ठेवलेले असायचे. शनिवारी दुपारी नीलम्माकाकू ते हलवायची, सोमवारी परत ठेवायची.

आणि एक गोष्ट. दर शनिवारी साडेपाचला बसवराजकाका दाराच्या पायरीवर येऊन बसायचे. विचारलं तर म्हणायचे, "हवा खाऊन राहिलो." आत्या रिक्षातून उतरली की उठायचे आणि आत जायचे. बोलायचे काही नाहीत. लातूरची हवा फक्त शनिवारीच का खायची असते, हे मी लहानपणी एकदा विचारलं, तर मला गोळी देऊन अभ्यासाला पाठवलं.

कोपर वाचायला मला आत्यानं शिकवलं, त्याच खोलीत, शनिवार-शनिवार करून. शिकवताना पहिलाच धडा हा: "वाचायचं, बोलायचं न्हाई. मी बोलले, अन बघ कुठं पोचले. फलाट चारवर."

या वर्षी श्रावण संपता संपता तिला अठ्ठावन्न पूर्ण झाली आणि ती निवृत्त झाली. त्याच्या आठवडाभर आधी तिचा मला फोन आला. स्टँडच्या गलक्यात ओरडायची सवय असलेली बाई हळू आवाजात बोलत होती. "खोली सोडून राहिले बघ. मालकाला सांगितलं."

"मग इकडंच ये की," मी म्हणाले.

"कुनी बोलावलंय?"

"आत्या, घर आहे तुझं."

"पावनी हाय मी तिथं. शनवारची पावनी. रोज ऱ्हायचं म्हनलं तर कुनीतरी म्हनावं लागतंय." मग जरा थांबून ती म्हणाली, "तोंडानं मी मागनार न्हाई, सपू. तोंडानं मागितलेलं त्या घरात काय होतंय, ठाऊक हाय मला. अन दस्तीखाली माझा हात येत न्हाई."

मी तेव्हा तिला सांगितलं नाही की इकडं काय शिजत होतं. रुद्रेशचं, म्हणजे काकांच्या मुलाचं, दिवाळीनंतर लग्न ठरलं होतं. लग्नानंतर तुरीचा मजला त्याचा, हे जवळजवळ नक्की होतं. शिवाय त्यानं घरात लिफ्ट बसवायचं मनावर घेतलं होतं. ते चुकीचं नव्हतं. नीलम्माकाकूचे गुडघे गेलेत, आणि आमच्या दोन जिन्यांवरून सोयाबीनच्या मजल्यावर पोचेपर्यंत ती दोनदा बसते. पण तिन्ही जिने तीन दिशांना असल्यामुळं लिफ्टला सरळ जागा मिळेना. इंजिनिअरनं नकाशा काढला तेव्हा वरपासून खालपर्यंत सरळ रेषा एकाच ठिकाणी सापडली. ती आत्याच्या खोलीतून जात होती.

"अरे, आत्या येणार आता," मी रुद्रेशला म्हणाले.

"येऊ दे की. शनिवारी तर येते," तो म्हणाला. "बैठकीत गादी टाकू." रुद्रेश मनानं वाईट नाही. त्याच्या डोक्यात आत्या म्हणजे वाराचं नाव होतं, एवढंच.

रविवारी सकाळी लिंगपूजा आटोपून काका, पप्पा आणि रुद्रेश बैठकीत बसले. कपाळावर विभूतीचे तिघांचे तीन पट्टे, टीपॉयवर नकाशा, मध्ये दस्ती. मी चहा घेऊन गेले आणि मुद्दाम तिथंच रेंगाळले. आधी पप्पा आणि काकांचा हात झाला, मग काका आणि रुद्रेशचा. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली.

आत्या शनिवारऐवजी रविवारी आली होती. सोबत दोन पिशव्या, ट्रंक, गॅसची शेगडी आणि निरोपसमारंभात मिळालेलं, तारीख दाखवणारं भलंमोठं भिंतीवरचं घड्याळ. नांदेडचा सगळा संसार एका रिक्षात मावला होता. काकांनी मान वर करून त्या शेगडीकडं पाहिलं आणि त्यांचा हात दस्तीखाली जागच्या जागी थांबला.

"या आत्या," रुद्रेश म्हणाला, पण हात त्यानं काढला नाही. सौदा अर्ध्यावर सोडत नाहीत. आत्या दारातच उभी राहिली. मी तिच्या डोळ्यांकडं पाहत होते. ते रुद्रेशच्या कोपरावर गेले. आणि रुद्रेशचं कोपर इतकं बडबडं आहे की शेजारच्या किराणावाल्यालाही वाचता यावं. चार बोटं, म्हणजे तुरीच्या मजल्याच्या चारही खोल्या त्याला. मग पहिलं बोट, म्हणजे पहिली खोली लिफ्टला.

मला वाटलं, आता ही पुन्हा बोलणार, स्टँडवरच्या आवाजात, आणि पुन्हा छत्तीस वर्षं जातील.

पण तिनं चपला काढल्या, पाय धुतले, पदर खोचला आणि सरळ गादीवर येऊन काकांसमोर बसली. रुद्रेश आपोआप सरकला. मग आत्यानं उजवा हात पुढं केला आणि दस्तीच्या कडेशी नेऊन थांबवला. आत घातला नाही. नुसता ठेवला, तळवा वर करून.

पप्पा छताकडं बघू लागले. स्वयंपाकघराच्या दारात नीलम्माकाकू झारा घेऊन उभी होती, आणि आत तिच्या शेंगा करपायला लागल्याचा वास येत होता. त्या झुंबरवाल्या, नम्र, श्रीमंत घरात त्या क्षणी एका बाईला एक खोली मिळते की गादी मिळते, एवढंच ठरायचं होतं. मी देवाला म्हणाले, आता या माणसाला छत बघू देऊ नकोस.

बसवराजकाकांनी डाव्या हातानं दस्तीची कड उचलली.

पुढचं अर्धं मी कोपरांवरून वाचलं आणि अर्धं आत्यानं नंतर सांगितलं. तिनं काकांचं एक बोट धरलं. एक खोली. काकांनी तळव्यावर अंगठा रोवला. न्हाई. आत्याचा चेहरा पडला. पण लगेच काकांनी तिची दोन बोटं धरली.

आत्याला काही उमगेना. आयुष्यभराच्या सौद्यांत असं कधी झालेलं नव्हतं. देणारा खाली ओढतो, घेणारा वर ओढतो, ही रीत. इथं देणारा वर चालला होता. तिनं परत एक धरलं. काकांनी अंगठा रोवला आणि तीन धरली.

"आडतीत काय शिकवतात?" आत्या मला नंतर म्हणाली. "मागितल्यापेक्षा जास्त द्यायला लागला, म्हनजे माल भिजलेला हाय. मला वाटलं, दादा थट्टा करून राहिला, न्हाईतर म्हातारपनानं बोटं इसरला."

म्हणून ती एकावरच अडली. एक. काका तीन. एक. काका चार. दोघांची कोपरं अशी झुंजत होती की दस्ती उसळायला लागली. काकांच्या कपाळावरची विभूती घामानं ओघळली. आत्याचा अंबाडा सुटला. मी तोंडात पदर कोंबावा तर माझ्या अंगावर कुर्ता, म्हणून मी चहाचा ट्रेच तोंडावर धरला. मला हसूही आवरेना आणि रडूही. माझ्या अख्ख्या जन्मात मी असा सौदा पाहिला नव्हता, जिथं देणारा जास्त द्यायला घाम गाळतोय आणि घेणारी कमी घ्यायला.

"दादा, काय चाललंय?" पप्पांना शेवटी राहवेना. "किती वर गेलास? काय मागून राहिली ही?"

काकांनी पुन्हा तिची चार बोटं धरली, घट्ट, आणि सोडलीच नाहीत. आत्यानं डाव्या हातानं त्यांच्या मनगटावर चापट मारली. आणि मग जे झालं ते आमच्या घराच्या तीन पिढ्यांत एकदाच झालेलं होतं.

काकांनी दस्ती उचलली आणि लांब भिरकावून दिली. सगळ्यांसमोर दोघांचे हात उघडे पडले. म्हाताऱ्या माणसाच्या मुठीत म्हाताऱ्या बहिणीची चार बोटं.

"मी हिला आख्खा तुरीचा मजला देऊन राहिलो," काका म्हणाले, "अन ही एक खोली, एक खोली लावून बसली. कुनी समजावा रे हिला."

रुद्रेशचा तर मजलाच गेला होता, पण त्यालाही आधी वेगळंच सुचलं. "पप्पा, तुम्ही दस्तीतलं बोललात," तो काकांना म्हणाला.

"बोललो."

"पण ते चालत नाही ना?"

"न्हाई चालत." काकांनी आत्याची बोटं तशीच धरून ठेवली होती. "हिचं ठरत होतं तवा मी अप्पांच्या शेजारी बसलो होतो. तेवीस मला बी दिसले होते. पंचवीसवरून तेवीसवर उतरले, ते बी दिसलं. ही लहान असून बोलली. मी गप बसलो. छत्तीस वर्सं पायरीवर बसून राहिलो, पन तोंड काय उघडंना माझं." मग त्यांनी आत्याकडं बघितलं. "आज उघडलंय तर घेऊन टाक बाई. परत उघडंल न उघडंल."

नीलम्माकाकूच्या हातातला झारा खाली पडला. पप्पा छताकडून खाली आले आणि दस्ती उचलून उगाच घडी घालू लागले. माझा काकांवरचा राग, जो मी इतकी वर्षं सांभाळला होता, तो त्या मिनिटाला कुठं गेला ते मला कळलंच नाही. मी सरळ रडायला लागले.

एवढ्या गाड्या सोडणाऱ्या बाईला त्या दिवशी आवाजच फुटेना. ती दोनदा खाकरली. मग मोकळ्या हातानं डोळे पुसले आणि म्हणाली, "चार खोल्या झाडनार कोन, दादा? मला एक बास हाय. पोराचं लगीन हाय, त्याला तीन ऱ्हाऊ दे." तिचा आवाज आणखी खाली आला. "पन मला ती रोजची पाहिजे. शनवारची नको."

काकांनी तिचा आख्खा पंजा आवळला. "रोजची," ते म्हणाले, तोंडानं, आणि मग हात सोडला.

रुद्रेशनं टीपॉयवरचा नकाशा उचलला, उलटा धरला, सुलटा धरला आणि माझ्याकडं खोडरबर मागितला.